अंबरनाथच्या बागेतली लंगडी

साच्यानं वितळलेलं ब्राँझ परत वर थुंकलं आणि बाबू ओतारी उताणा पडला. त्याच्या सदऱ्यानं पेट घेतला. हातातली सांडशी सुटली, मूस आडवी झाली आणि तिच्यातला लाल रस वाळूवरून पळत सुटला. वर उडालेले थेंब पत्र्याच्या छपराला ताडताड लागून पुन्हा आमच्याच डोक्यावर येत होते.

"अम्मा, पीछे! पीछे हटो!" कारखान्याचे मालक लछूसेठ ओरडत होते. मागं सरणार कुठं? मागं नळाच्या तोट्यांचा ढीग होता, छातीएवढा.

माझी भाची नली बाबूशेजारी गुडघ्यावर बसून ओंजळीनं कोरडी वाळू त्याच्या छातीवर टाकत होती. पाहुणे म्हणून आलेले भाऊसाहेब पाण्याची बादली उचलून धावले, तर नली अशी किंचाळली की ते जागीच थिजले. "पाणी नाही! त्या रसावर थेंब पडला तर सगळे मरू!" मी अंगावरची शाल काढली, बाबूला तिच्यात गुंडाळलं आणि वर बसले. आग विझवायची मला ही एकच रीत माहीत. गवताची गंज पेटली की आम्ही घोंगडी टाकून तेच करतो.

बाबूचे डोळे मिटलेले होते. ओठ सुजायला लागले होते. त्या ओठांनी तो एकच सांगत होता, "साचा कोरडा हुता. साचा माजा कोरडा हुता."

माझ्या लुगड्याला भोकं पडली होती आणि घोटा भाजला होता, हे मला बाबूला टेम्पोत घातल्यावर कळलं.

ही उल्हासनगरातली एका सकाळची गोष्ट. नव्वद सालाच्या आसपासची. मी कोयनेकडची, चौथीपर्यंत शिकलेली, आणि तेव्हा साठी उलटून गेलेली. आमच्या गावचे लोक मुंबईला जातात ते या गावांवरून नुसते पुढं निघून जातात. उतरत कुणी नाही. मी उतरले, महिनाभर राहिले. काय पाहिलं ते लिहिते.

बदलापूर, हेंद्रेपाडा

नली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुतळे करते. आमच्याकडे पुतळा म्हटलं की घोड्यावरचा किंवा हातात पुस्तक धरलेला, आणि माणूस गेल्यावरच उभारलेला. नलीचे तसले नाहीत. तिच्या दारात पायरीवर एक कावळा आहे, ब्राँझचा, कोंबडीएवढा. त्याच्या चोचीत लहान मुलाची एक चप्पल आहे आणि नजर अशी चोरटी की मी आल्या आल्या माझ्या चपला उचलून आत नेल्या. नली हसून खाली बसली.

"मावशी, तू पहिली नाहीस. पोस्टमनही असंच करतो."

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, आपल्या काशाचा भाऊ. आधी मेणाचा नमुना करायचा, त्याच्यावर साच्याचा लेप चढवायचा, साचा तापवला की मेण वितळून निघून जातं, आणि मेणाच्या रिकाम्या जागेत रस ओतायचा. मला हे एकदा ऐकून कळलं. यात अवघड काही नाही, अवघड आहे ते उन्हात, धुरात उभं राहून करणं.

हेंद्रेपाड्यात तेव्हा दोनमजली इमारती उठत होत्या आणि मधेमधे भाताची खाचरं उरली होती. मी मार्गशीर्षात गेले. कापणी होऊन गेलेली. खाचरांत वाल पेरलेला, आणि सकाळी सगळ्या गल्लीला वालाच्या पाण्याचा वास. तिकडे वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून बिरडं करतात. एवढी मेहनत आणि वर गूळ घालतात. मी पहिल्या दिवशी गुळाशिवाय मागितलं. दुसऱ्या दिवशी गुळासकट खाल्लं आणि काही बोलले नाही. नलीचा नवरा कारखान्यात ऑफिसर, सकाळी जातो, संध्याकाळी येतो, बायकोच्या कामात नाक खुपसत नाही. एवढा जावई मला पुरे.

घरामागं पत्र्याची शेड. नलीनं तिचं दार उघडलं आणि मला समोर मीच दिसले.

आदल्या उन्हाळ्यात ती गावी आली होती, चार दिवस माझ्या मागे मागे वही घेऊन हिंडत होती, तेव्हाच मला संशय आला होता. पण हे वेगळंच होतं. मातीत घडवलेली म्हातारी बाई, लुगड्याचा काचा मारलेला, एक पाय वर उचललेला, एका पायावर पुढं झुकलेली, हात लांब केलेला, आणि जीभ दातांत धरलेली. लंगडी घालत होती. राज्य तिच्यावर होतं आणि ती कुणाला तरी शिवायच्या बेतात होती.

"ही मी?"

"तूच."

"पोटऱ्या एवढ्या जाड?"

"त्याहून जाड आहेत. मी कमी केल्या."

मी जवळ जाऊन पाहिलं. जिभेचं टोक बरोबर होतं. लंगडीत मी तशीच जीभ धरायचे. नलीच्या आईला मी प्रत्येक डावात बाद केलं आहे, ती रडत घरी जायची. मला बरं वाटलं, पण ते मी नलीला सांगितलं नाही. मी म्हटलं, "जित्या माणसाचा पुतळा करतात का कुठं?"

"म्हणूनच केला," नली म्हणाली. "मावशी, हिला चबुतरा नाही द्यायचा. बागेत मातीवर उभी करायची, पोरांच्या उंचीवर. पोरं हिच्या हातापुढून पळतील. ही खेळात आहे, हिला उंच ठेवून काय करायचं?"

बाग अंबरनाथ पूर्वेची, एका वसाहतीची. वसाहतीच्या कमिटीनं तिला पुतळा सांगितला होता. कमिटीचे प्रमुख भाऊसाहेब, रिटायर झालेले ऑफिसर. त्यांनी आधीच चबुतरा बांधून घेतला होता, फरशी लावून. नावाच्या पाटीची जागा सोडून. नली म्हणे चबुतरा नको, ते म्हणत चबुतऱ्याशिवाय पुतळा कसा. गाडी तिथं अडली होती. वरचा भाग, डोकं आणि हात, ओतून झाला होता. खालचा राहिला होता, लुगडं आणि पाय. मी तो ओतलेला बघायला आले होते.

खरवईची शेळी

नलीची एक शेळी खरवईच्या वळणावर उभी आहे. एका डॉक्टरांनी आपल्या कुंपणाबाहेर जागा दिली. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून पत्र्याची पाटी खाते आहे, पाटीचा एक कोपरा खाऊन झालेला. पाटीवर काय लिहिलं होतं ते आता कुणालाच कळत नाही, कारण नेमका तोच कोपरा तिच्या पोटात गेला आहे.

आम्ही गेलो तेव्हा बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक ठाकरीण तिथं टेकली होती. सरपणाची मोळी खाली, आणि गाठोडं शेळीच्या शिंगाला अडकवलेलं.

"बाय, ही तुमची का?" तिनं नलीला विचारलं.

"मी केली."

"बरी केलीस. रोज हितं गठुरं अडकवतंय. आधी भुईवर ठेवायचं, मुंग्या लागायच्या." मग तिनं शेळीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "माझी शेली सरकारी पाटी खाल्ली असती तर मला धरून नेला असता. हिला कोण बोलत नाय!"

परतताना नली सारखी मागं वळून पाहत होती. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "मावशी, शिंगं किती चकाकतायत पाहिलीस? गाठोड्यानं घासून घासून. हे मला करता येत नाही. हे लोकांनाच करावं लागतं."

त्या रस्त्यावरून चंदेरीचा डोंगर दिसतो, एकाच बाजूनं कापल्यासारखा. आमचे डोंगर बसके, रुंद, म्हशीसारखे. तो डोंगर मला फुकटचा ऐटदार वाटला.

उल्हासनगर

लछूसेठांचा कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली भट्टी. पितळी तोट्या करतात. निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत वाढलेले सिंधी, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. आत गेल्या गेल्या त्यांनी मला आधी पुतळा दाखवला, त्यांचाच. नलीनं केलेला, वीतभर. तोट्यांच्या डोंगरावर लछूसेठ घोरत पडलेत.

"देखो अम्मा. पेट आधा कर दिया इसने! मैंने बोला, पूरा बनाओ, मेहनत का पेट है."

त्यांच्या घरून दाल पकवान आलं होतं. पकवान म्हणजे तळलेली कडक पुरी, ताटलीएवढी, आणि त्यावर हरभऱ्याची डाळ, वर चिंचेचं पाणी. आमच्याकडे एवढं तेल दिवाळीला काढतात. त्यांच्याकडे सकाळच्या न्याहरीला. मी दोन खाल्ली. लछूसेठ खूष झाले आणि तिसरं माझ्या पानात टाकून म्हणाले, "गाँव की औरत है, शरमाती नहीं." लाजायचं कशाला? भूक लागली होती.

बाबू ओतारी तिथंच भेटला. सांगलीकडचा, बारीक, कमी बोलणारा. माझं गाव ऐकून एवढंच म्हणाला, "म्हंजी आमच्याच पाण्याच्या आक्का." कोयना खाली कृष्णेला मिळून त्याच्या सांगलीवरून जाते. साचा त्यानं तीन दिवस तापवला होता. मेण निघालं, ओल निघाली, मग निववून वाळूत गळ्यापर्यंत पुरला. वर तोंड उघडं, त्यात काही पडू नये म्हणून पत्र्याचं झाकण. भट्टीची पूजा त्यानं पहाटेच केली होती, दाराबाहेर दगडावर नारळ फोडून. ओताऱ्यांची रीत तशी. पूजा उंबऱ्याबाहेर, आत फक्त आग.

मग भाऊसाहेब आले. पांढरा सफारी, सोबत हार, कुंकू आणि त्यांचा नारळ. "मुहूर्त माझ्या हस्ते ठरलाय," म्हणाले. बाबूनं नलीकडे पाहिलं. नलीनं मान हलवली. म्हणजे, करू दे एकदाचं. रस तयार होता, त्यावर नजर ठेवायची होती. बाबू भट्टीकडे वळला, लछूसेठ भट्टीला वारा घालणाऱ्या पंख्याकडे, नली वाळू दाबत पलीकडे गेली.

भाऊसाहेबांनी नारळ पायरीवर फोडला. तिथवर बरोबर. मग दोन्ही वाट्या हातात घेऊन साच्यापाशी आले, झाकण उचललं, नवीन गाडीवर शिंपडतात तसं नारळाचं पाणी साच्याच्या तोंडावर शिंपडलं, उरलं ते ओतलं, कुंकू वाहिलं आणि झाकण नीट होतं तसं ठेवलं. डोळे मिटून हात जोडले.

मी पाहत होते. मला वाटलं असंच करतात. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला आम्ही पाणी शिंपडलंच होतं, मोटारीला काही झालं नाही.

बाबूनं मूस उचलली. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

दवाखान्यात

सरकारी दवाखान्यात बाबूला पुरुषांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर ठेवलं. छाती, मान, उजवा हात आणि तोंडाची एक बाजू. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस काही सांगता येणार नाही. त्याची बायको शांता खाटेच्या पायाशी जमिनीवर बसून होती. रडत नव्हती. मला ती त्यामुळेच आवडली.

"आक्का," ती म्हणाली, "मानूस जगंल न्हाईतर न्हाई जगनार, ते आपल्या हातात न्हाई. पन ह्यो सारखा साच्याचंच बोलतोय. ज्याचा साचा उसळला त्याला परत कोन भट्टीवर उभा करनार? लोकं म्हनत्यात ओला साचा भरला."

"साचा कोरडा होता."

"तुमाला काय ठावं?"

मी तिला नारळाचं सांगितलं. नली माझ्या मागे उभी होती. तीही पहिल्यांदाच ऐकत होती.

"मावशी, तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"आणि बोलली नाहीस?"

"तेव्हा मला काय कळत होतं? आता कळलं, आता बोलते."

बाबू ऐकत होता. पुटपुटण्यापलीकडे बोलता येत नव्हतं. डाव्या हाताची बोटं त्यानं चादरीवर दोनदा आपटली. शांता म्हणाली, "त्येस्नी ऐकू आलं."

त्या संध्याकाळी नलीनं साचा फोडला. आधी आत गेलेल्या रसात पाय आले होते. लुगड्याच्या निऱ्यांत मुठीएवढं भोक राहिलं होतं आणि वर उचललेल्या पायाची बोटं आलीच नव्हती, पाऊल चवड्याशी संपत होतं. नली बराच वेळ बघत बसली. मग हातोडा उचलला.

"मोडून टाकते. बाबू तिथं पडलाय आणि मी हिला कुणासाठी उभी करू?"

"आधी जेव," मी म्हटलं.

"मावशी!"

"उपाशी माणसानं हातोडा घेऊ नये. आणि हे मोडलंस की लोक म्हणतात तेच खरं ठरलं. पुतळाच वाईट, साचाच ओला. मग बाबूच्या बायकोला तोंड तू दाखव. मी नाही दाखवणार."

ती जेवली. दुसऱ्या दिवसापासून तिनं वरचा भाग आणि खालचा भाग जोडायला घेतला. बोटांकडे हात लावायला लागली तेव्हा मीच म्हटलं राहू दे. निऱ्यांतलं भोकही राहू दे. माझ्या लुगड्यालाही पडली आहेत.

अंबरनाथ पूर्व

बाबूच्या मानेची जखम थोडी सुकली पण ताप उतरेना. तोवर निरोप आला की रविवारी सकाळी बागेत कमिटीची सभा आहे. पुतळा रद्द करून चबुतऱ्यावर सिमेंटचे दोन राजहंस बसवायचे घाटत आहे.

मी नलीला म्हटलं, सभेआधी मला ते जुनं शिवाचं देऊळ दाखव, एवढं सांगतात ते. अंबरनाथ पूर्वेलाच, ओढ्याकाठी, काळ्या दगडाचं. भिंतीवर बोट ठेवायला जागा नाही इतकी चित्रं कोरलेली. नाचणाऱ्या बाया, वाजवणारे, वाकडे, तिरके. कुणाचा हात नाही, कुणाचं नाक नाही, एकीला तर नुसते पाय उरलेत आणि ते पायही नाचतायत. लोक गाभाऱ्यात खाली उतरून पाया पडत होते, येताना त्या नकट्या बायांना कौतुकानं बघत होते. ही कोण होती, कधी मेली, कुणीही विचारत नव्हतं. मी प्रदक्षिणा घातली. घोटा ठणकत होता, पण मला पाहिजे होतं ते मिळालं.

मी ते भोकं पडलेलं लुगडंच नेसले होते.

बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. वसाहतीतली माणसं, बायका, आणि चबुतरा रिकामा. लछूसेठांना नलीनं पुतळा घेऊन यायला सांगितलं होतं, त्यांचा टेम्पो यायचा होता. भाऊसाहेब उभे राहिले. चांगलं बोलत होते, खोटं सांगत नाही. म्हणाले, "झाली गोष्ट दुःखाची आहे. पण आपल्यात जिवंत व्यक्तीचा पुतळा करत नाहीत, त्याला काही कारण असेल. शिवाय आता मूर्ती खंडित आहे. खंडित मूर्ती आपण बसवत नाही."

"बसवू नका," मी मागून म्हटलं. "तिला बसायचंच नाही. ती लंगडी घालतेय."

बायका हसल्या. भाऊसाहेब म्हणाले, "आजी, तुम्ही नंतर बोला."

"आजी मी तुमच्या नातवंडांची. तुम्हाला मी मावशी. आणि आताच बोलते. देवळात हात नसलेल्या बाया आहेत, त्या कुणी ओढ्यात सोडल्या नाहीत. तुम्ही पाहुणे आले की त्यांनाच दाखवायला नेता. ही पुजायची नाही, हिच्याशी खेळायचं आहे. खेळताना माझी बोटं कितीदा फुटली, मी खंडित झाले का?"

"प्रश्न तो नाही, मावशी. अपघात कशामुळे झाला—"

"तेच सांगायला आले. साचा कोरडा होता. बाबूनं तीन दिवस तापवला होता. तुम्ही नारळ फोडलात."

"पायरीवर फोडला. सगळ्यांनी पाहिलं."

"फोडलात पायरीवर. पाणी कुठं ओतलंत?"

त्यांना आठवलं. मी समोरून बघत होते, त्यांच्या तोंडावर ते आठवणं मला दिसलं. झाकण उचलणारा हात त्यांनी स्वतःच वर आणला, नकळत, आणि त्याच्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या पाठीला धरलं.

"एवढ्याशा पाण्यानं?" त्यांनी नलीला विचारलं.

"एवढ्याशा पाण्यानं," नली म्हणाली. "आत वाफ झाली. तिला बाहेर यायला दुसरी वाट नव्हती."

"मला माहीत नव्हतं हो."

"मलाही नव्हतं," मी म्हटलं. "मी बघत उभी होते. आता आपल्या दोघांना माहीत आहे. तेवढंच सांगा सगळ्यांना. तिकडं एक माणूस खाटेवर पडून साचा कोरडा होता, साचा कोरडा होता म्हणतोय, आणि त्याची बायको लोकांच्या तोंडाकडे बघतेय."

त्यांनी सांगितलं. हळू सांगितलं, पण सांगितलं. "पाणी मी ओतलं. ओताऱ्याची चूक नाही." खाली बसले. त्यांच्या बायकोनं त्यांना पाणी दिलं, तर त्यांनी ते पेलाभर पाणी हातात नुसतं धरून ठेवलं.

मला वाटलं संपलं. पण माणूस ऑफिसर होता. थोड्या वेळानं पुन्हा उठले, "ठीक आहे, पुतळा लावू. पण चबुतऱ्यावर. शिस्त म्हणून. आणि उद्घाटनाला हार—"

मी चबुतऱ्यापाशी गेले. दोन बायकांना म्हटलं हात द्या ग. त्यांनी दिला. मी वर चढले आणि मांडी घालून बसले. पदराखालची भाकरी आणि ठेचा काढला.

"मावशी, हे काय?"

"चबुतऱ्यावर मला बसवायचं ना? बसले. पुतळा कशाला पाहिजे मग? हार आणलाय तो घाला. पण मी जिवंत आहे हे लक्षात ठेवा, जित्या माणसाला हार घातला की ते माणूस भाषण करतं."

"उतरा बघू. पडाल."

"पडले तर खंडित होईन. मग ओढ्यात सोडा."

आता बायका उघड हसायला लागल्या, आणि पुरुषही. एकीनं मला लोणचं आणून दिलं. भाऊसाहेब चबुतऱ्याभोवती एक चक्कर मारून आले. त्यांना मला हात धरून उतरवता येईना आणि सभाही संपवता येईना. मी सावकाश जेवले. शहरातल्या लोकांना म्हाताऱ्या बाईला ओरडता येत नाही, विशेषतः ती जेवत असेल तर. आमच्याकडे ओरडले असते.

तेवढ्यात लछूसेठांचा टेम्पो फाटकाशी लागला. गोणपाटात गुंडाळलेली मी आडवी पडले होते आणि लछूसेठ माझ्या डोक्याशी बसून "सँभालो, सँभालो, अम्मा को सँभालो" ओरडत होते. चार माणसांनी उतरवलं. "किधर रखना है?" त्यांनी वर पाहिलं, तर चबुतऱ्यावर मी. "अरे, यहाँ तो सीट भरी हुई है!"

"खाली ठेवा," भाऊसाहेब म्हणाले.

ते स्वतः पुढं झाले, सफारीच्या बाह्या वर केल्या आणि पुतळ्याच्या खांद्याला हात लावला. नलीनं जागा आधीच हेरून ठेवली होती, मोकळ्या मातीवर, झोपाळ्याच्या पलीकडे. खड्डा घेतला, लोखंडी सळया आत सोडल्या, सिमेंट घातलं. बाई एका पायावर उभी राहिली. बोटं नसलेला पाय वर, हात पुढं, जीभ दातांत.

सिमेंट सुकेपर्यंत लांब राहा, असं नलीनं पोरांना दहा वेळा सांगितलं. एकानंही ऐकलं नाही. पोरं बाईच्या हाताखालून पळायला लागली, शिवली, शिवली ओरडत. शिवलं गेलेलं पोर बाद. बाद झालेल्यांना बसायला जागा हवी, ती त्यांनी स्वतःच शोधली. माझ्याशेजारी चबुतऱ्यावर येऊन बसली, पाय हलवत. नावाची पाटी लावायची जागा एका मुलीच्या पायांखाली गेली. पाटी अजून लागलेली नाही.

हाराचं काय झालं म्हणाल, तर तो भाऊसाहेबांनी परत पिशवीत ठेवला.

मग मी त्यांच्याबरोबर त्यांच्याच स्कूटरवर मागं बसून दवाखान्यात गेले. स्कूटर वाईट चालवतात. बाबूच्या खाटेपाशी उभे राहून त्यांनी जे बागेत सांगितलं तेच शांतासमोर, शेजारच्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. शांता उभी राहिली नाही, हात जोडले नाहीत. "बरं," म्हणाली. बाबू तापात होता. ऐकू गेलं की नाही, त्या दिवशी कळलं नाही. मी त्याच आठवड्यात गावी परतले. पेरलेला हरभरा माझी वाट बघणार नव्हता.

त्यानंतर मी तिकडं दोनदा जाऊन आले आहे. हेंद्रेपाड्यातली खाचरं गेली, इमारती चार मजल्यांच्या झाल्या. शेळीची शिंगं आरशासारखी झाली आहेत. बागेतल्या बाईचा पुढं केलेला हात पिवळा धमक चकाकतो, पोरांच्या डोक्यांना लागून लागून. बाकी अंग काळं पडलं आहे, माझ्यासारखंच. लोक तिला पुतळा म्हणत नाहीत, राज्यवाली म्हणतात.

त्या सकाळी साच्यापाशी नली होती, लछूसेठ होते, भाऊसाहेब होते, मी होते आणि बाबू होता. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत आणि एक कान गेला, पण तो आजही लछूसेठांच्या भट्टीवर ओततो. आम्ही सगळे जगलो. बाबूही जगला.